लेंटी प्लाज्मिडमधला इन्सर्ट बॅक्टेरियात टिकतच नाहीये, काय करू?

पेट्रीताटली
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्रच असते, पण सध्या एका प्लाज्मिडने डोकं पिकवलंय म्हणून धागा काढतेय. पुण्यात पीएचडी करतेय, मूळ काम कॅन्सरच्या सेल लाइन्सवर, क्लोनिंग म्हणजे मला मधली कटकट वाटते (क्लोनिंगवाल्यांनी मारू नका). लेंटीव्हायरल ट्रान्सफर प्लाज्मिड (व्हायरसमार्फत सेलमध्ये जीन पोचवायचं, बॅक्टेरियात वाढवतात ते गोल डीएनए) आहे, साधारण १० केबीचं (केबी म्हणजे हजार बेस), त्यात इन्सर्ट म्हणून क्रिस्परचे दोन गाईड (जीन कुठे कापायचा ते दाखवणारे तुकडे) टाकलेत. लायगेशन नीट झालं, कॉलन्या आल्या, मिनीप्रेप (छोट्या कल्चरमधून काढलेलं प्लाज्मिड) कापून जेलवर बघितलं तर १० केबीला एकच बँड, झक्कास. मग त्याच कॉलनीतून मोठं कल्चर लावून मिडीप्रेप केली, तेच एन्झाइम, तोच बफर, आणि आता १० ला पुसट रेघ अन् ४ केबीच्या आसपास हा जाडजूड बँड. परत केलं, परत तेच. डीएच५-अल्फा हा ई. कोलायचा स्ट्रेन वापरते, ३७ डिग्री, अँपिसिलिन, रात्रभर शेकरवर. लॅबमधले एक सीनियर म्हणतात बॅक्टेरियाला परकं डीएनए आवडत नाही म्हणून तो काढून टाकतो. दुसरे म्हणतात कॉम्पिटंट सेल्स (डीएनए आत घ्यायला तयार केलेले बॅक्टेरिया) खराब. कुणाला अनुभव आहे का?

ताकभात
डीएच५-अल्फाऐवजी स्टेबल-३ स्ट्रेन घे. विषय संपला.

रानमेवा
+१. लेंटी म्हटलं की स्टेबल-३.

कोकमसार
विषय संपला नाही, सुरू झालाय. स्टेबल-३ ने काम होईलही कदाचित, पण का बिघडतंय हे कळल्याशिवाय सेल्स बदलत बसलात तर महिना जाईल आणि वर सेल्सचे पैसे. क्लोन केलेला तुकडा अस्थिर असण्याची निदान चार वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा, एकाचा उपाय दुसऱ्याला अजिबात लागू पडत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की बॅक्टेरिया "काढून टाकतो". तो काही ठरवून करत नाही. कॉपी करताना किंवा रिकॉम्बिनेशनमध्ये क्वचित एखाद्या पेशीत तुकडा गळतो, एवढंच. पुढचं काम सिलेक्शन करतं. अँपिसिलिन फक्त रेझिस्टन्स जीन आहे का बघतं, तुमचा इन्सर्ट आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समजा पूर्ण प्लाज्मिडवाली पेशी २५ मिनिटांत दुप्पट होते आणि तुकडा गळालेली २० मिनिटांत. दहा तासांत पहिलीच्या २४ पिढ्या होतात, दुसरीच्या ३०. सहा पिढ्यांचा फरक म्हणजे ६४ पट. लाखात एक असलेली गळकी पेशी मिनीप्रेपच्या जेलवर दिसत नाही, पण मोठ्या कल्चरला पिढ्या वाढतात, फरक साठत जातो आणि तीच डोळ्यात भरायला लागते. आता इथे ४ केबीचा बँड इतका जाड आहे म्हणजे सुरुवातीच्या कॉलनीतच बऱ्याच गळक्या पेशी होत्या, किंवा कल्चर फार वेळ ठेवलंय, किंवा दोन्ही.

प्लाज्मिडचा नकाशा सांगा. नेमकं काय काय आहे, कुठल्या दिशेने आहे. एलटीआर (व्हायरसच्या दोन टोकांचे रिपीट) कुठल्या पद्धतीचे, दोन्ही गाईडला प्रमोटर (जिथून वाचन सुरू होतं तो तुकडा) कुठला, सगळं.

हौशी_वाचक
मी या क्षेत्रातला नाही, बँकेतून रिटायर, पण धागा रोचक वाटला म्हणून विचारतो. बॅक्टेरियाकडे परकं डीएनए ओळखून कापायची यंत्रणा असते असं वाचलं होतं, मग त्या सीनियर साहेबांचं म्हणणं बरोबरच झालं ना?

ईकोलायवाली
काका, प्रश्न चांगला आहे. ती यंत्रणा म्हणजे रिस्ट्रिक्शन, आणि ती खरीच असते. पण क्लोनिंगसाठी जे स्ट्रेन वापरतात त्यांच्यात त्याचा जीन मुद्दाम बिघडवलेला असतो. शिवाय रिस्ट्रिक्शनने कापलं तर प्लाज्मिडचे तुकडेच होतात, पेशी अँपिसिलिनवर मरते आणि कॉलन्या कमी येतात किंवा येतच नाहीत. इथे कॉलन्या भरपूर, आणि मधला ६ केबीचा भाग सफाईने नाहीसा होऊन दोन्ही टोकं परत जोडली गेलीयत. ही रिकॉम्बिनेशनची खूण.

एक भर घालते, एच-एनएस नावाचं प्रोटीन असतं ते एटी जास्त असलेल्या परक्या डीएनएवर जाऊन बसतं आणि त्याचे जीन गप्प करतं. म्हणजे परकेपणा ओळखण्याचा एक प्रकार आहे, पण ते कापाकापी करत नाही.

हौशी_वाचक
मग टोकं जोडली कशी जातात? म्हणजे कुठून तोडायचं आणि कुठे जोडायचं हे कसं ठरतं?

ईकोलायवाली
एकसारखा मजकूर दोन ठिकाणी असला की तिथे. शाळेत फळ्यावरचं वहीत उतरवून घेताना एकच वाक्य दोनदा आलं असेल तर डोळा पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो आणि मधल्या ओळी राहून जातात ना, डीएनए पॉलिमरेजचं तसंच होतं. नवीन साखळी पहिल्या रिपीटवरून सुटते आणि दुसऱ्या रिपीटवर जाऊन बसते, मधलं सगळं गायब, एक रिपीट शिल्लक. दुसरा रस्ता रेक-ए या प्रोटीनचा, ते सारखे भाग शोधून अदलाबदल घडवून आणतं. रेक-ए चे म्युटंट १९६५ मध्ये क्लार्क आणि मार्गुलीस यांनी शोधले, आणि आज डीएच५-अल्फा, टॉप-१०, जेएम१०९, एक्सएल१-ब्लू सगळ्यांत हा जीन बंद असतो.

पेट्रीताटली
कोकमसार सर (सर की मॅडम?), नकाशा असा. ५ प्राइम बाजूला एलटीआर, मग पॅकेजिंगचा भाग, मग यू६ प्रमोटर - गाईड १ - स्कॅफोल्ड (गाईडला जोडलेला ठरावीक भाग), परत यू६ - गाईड २ - स्कॅफोल्ड, मग ईएफ१ए प्रमोटरवर प्युरोमायसिन, डब्ल्यूपीआरई (जीनचं काम वाढवणारा तुकडा), ३ प्राइम एलटीआर. ओरिजिन (कॉपी सुरू होते ती जागा) पीयूसीचं. दोन्ही यू६ एकाच दिशेने. पण ईकोलायवाली ताई म्हणतायत तसं डीएच५-अल्फात रेक-ए नसतंच, मग हे व्हायला नको ना?

कोकमसार
काकू म्हणा, चालेल.

नकाशातच उत्तर आहे. थर्ड जनरेशनच्या लेंटी प्लाज्मिडमध्ये दोन्ही एलटीआर पूर्ण नसतात, ३ प्राइमच्या एलटीआरमधला यू३ कापलेला असतो आणि ५ प्राइमला यू३ च्या जागी दुसरा प्रमोटर बसवलेला. तरी आर आणि यू५ हा जवळपास १८० बेसचा भाग दोन्हीकडे अगदी सारखा. त्या दोघांत जुळलं की मधलं सगळं जातं, उरतं एक एलटीआर आणि बॅकबोन. तुमचा ४ केबी तोच. बॅकबोनमध्ये ओरिजिन आहे, अँपिसिलिनचा जीन आहे, म्हणजे पेशीच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही, उलट ओझं कमी झालं.

रेक-ए नसलं तरी हे होतं. दर खूप कमी होतो, शून्य होत नाही. वर सांगितलेली पॉलिमरेजची घसरण रेक-ए शिवायही होते, फक्त दोन रिपीट जितके जवळ तितकी जास्त, लांब असले की कमी. आता हे लक्षात घेऊन नकाशा परत बघा. एलटीआर एकमेकांपासून ६ केबी लांब. यू६ दोन, प्रत्येकी २४१ बेसचे, आणि त्यांच्यात अंतर किती, तर एक गाईड आणि एक स्कॅफोल्ड, म्हणजे शंभराच्या आसपास. तुम्ही एलटीआरचा बँड बघून घाबरलायत, मला यू६ ची जास्त काळजी वाटते, कारण तिथला तुकडा गळाला तर साडेतीनशेच्या आसपास बेस जाणार, आणि १० केबीच्या प्लाज्मिडमध्ये तेवढा फरक १ टक्क्याच्या जेलवर तुम्हाला दिसणारच नाही. तुमचं ते "झक्कास" मिनीप्रेप सुद्धा तपासा.

गाईडच्या बाहेरून दोन प्रायमर लावून पीसीआर करा आणि २ टक्क्यांच्या जेलवर चालवा.

ताकभात
स्टेबल-३ मध्ये पण रेक-ए म्युटंटच असतं (रेक-ए१३), डीएच५-अल्फात रेक-ए१. मग फरक कसला? तरी फरक पडतो, मी स्वतः बघितलंय. लेंटीवाले सगळे उगाच वापरतात का?

कोकमसार
पडतो, मी नाही म्हटलंच नाही. स्टेबल-३ चं घराणं एचबी१०१ चं, आणि लेंटीचे एलटीआर त्यात बरे टिकतात हा बऱ्याच लॅबचा अनुभव आहे. पण त्यात एंड-ए न्यूक्लिएज (डीएनए कापणारं एन्झाइम) चालू असतं, डीएच५-अल्फात ते बंद असतं, त्यामुळे स्टेबल-३ मधून मिनीप्रेप करताना कॉलमवरचा तो जादाचा वॉश गाळू नका, नाहीतर डीएनए ट्यूबमध्ये बसल्या बसल्या विरघळतं आणि मग परत इथे धागा निघेल.

तापमानाचं पण सांगते कारण लोक नुसतं "३० ला वाढवा" म्हणतात, का ते सांगत नाहीत. पेशी हळू वाढते हे एक. दुसरं म्हणजे पीयूसीचं ओरिजिन. पीबीआर३२२ या जुन्या प्लाज्मिडच्या एका पेशीत कॉपी १५ ते २० असतात, पीयूसीच्या ५०० ते ७००. हा फरक दोन गोष्टींमुळे, रॉप नावाचा जीन उडवलाय आणि ओरिजिनच्या आरएनएमध्ये एका बेसचा बदल आहे. त्या बदलाचा परिणाम तापमानावर अवलंबून आहे, ३७ आणि ४२ ला कॉपी भरमसाट वाढतात, ३० ला बऱ्याच खाली येतात. कॉपी कमी म्हणजे एका पेशीत घसरायच्या संधी कमी आणि जो काही त्रास इन्सर्ट देतोय तोही कमी.

नर्मदेकाठी
कोकमसारांना एक पुरवणी. एएव्हीवर (जीन पोचवायला वापरतात तो दुसरा एक व्हायरस) काम करणाऱ्यांनी हा धागा वाचून स्टेबल-३ आणि रेक-ए वर निर्धास्त राहू नये. आमचं दुखणं वेगळं आहे. एएव्हीच्या दोन्ही टोकांना १४५ बेसचे आयटीआर असतात आणि ते पॅलिन्ड्रोम, म्हणजे स्वतःवरच दुमडून टी आकाराची घडी होते. अशी घडी पडली की एसबीसी-सीडी हे न्यूक्लिएज ती ओळखतं आणि तिथे कापतं. डेव्हिड लीच आणि फ्रँक स्टाल यांनी १९८३ मध्ये लॅम्डा फाजवर (बॅक्टेरियाच्या एका व्हायरसवर) दाखवलं होतं की लांब पॅलिन्ड्रोम असलेला फाज साध्या ई. कोलायमध्ये जगत नाही पण रिकॉम्बिनेशनची न्यूक्लिएजेस नसलेल्या स्ट्रेनमध्ये जगतो. रेक-ए चा इथे फारसा संबंध नाही.

म्हणून आम्ही शुअर सेल्स वापरतो, त्यात रेक-बी, रेक-जे आणि एसबीसी-सी हे तिन्ही बंद. एक खोच, शुअर सेल्स मुळातच कॅनामायसिन आणि टेट्रासायक्लिनला रेझिस्टंट असतात, तुमचं प्लाज्मिड कॅनामायसिनचं असेल तर सगळी प्लेट हिरव्यागार गवतासारखी भरून येते आणि माणूस खूष होतो.

तपासायचं कसं, तर स्मा-१ ने कापा. ते प्रत्येक आयटीआरमध्ये दोनदा कापतं. आयटीआरच्या आतली घडीच गळाली तर या साइट जातात आणि बँडचा नमुना बदलतो. साधं सँगर सीक्वेन्सिंग तिथे पोचलं की धाडकन सिग्नल पडतो, त्यावर विसंबू नका.

रानमेवा
गवताचा अनुभव घेतलाय. बोलत नाही.

रात्रपाळी
मी एमआरएनए बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, नाव नको. आमच्याकडे हीच बोंब पॉली-ए ची. टेम्प्लेट प्लाज्मिडमध्ये शेवटी शंभर-सव्वाशे ए सलग टाकायचे असतात म्हणजे आरएनएला शेपूट आपोआप मिळतं. पण ई. कोलायमध्ये ते शेपूट झडतं, शंभर टाकले की काही कॉलन्यांत ऐंशी, काहींत पन्नास, आणि एका कॉलनीतसुद्धा सगळ्या पेशींत सारखे नाहीत. इथे रिपीट म्हणजे एकच अक्षर, घसरायला जागाच जागा. फायझर-बायोएनटेकच्या कोविड लशीत यावर काढलेली युक्ती प्रसिद्ध आहे, ३० ए, मग १० बेसचा वेगळा जोड, मग ७० ए. सलगपणा तोडला की प्लाज्मिड टिकतं आणि आरएनएचं काम अडत नाही. पुण्यात जेनोव्हाने २०२२ मध्ये एमआरएनए लस आणली तेव्हापासून इथे या विषयाचं ज्ञान असलेली पोरं शोधत फिरतात लोक, तेव्हा पेट्रीताटली, कटकट म्हणू नका, नोकरी आहे यात.

आमच्या क्यूसीत प्रत्येक बॅचचं शेपूट मोजतात. नॅनोपोर सीक्वेन्सिंग एकाच अक्षराच्या लांब रांगेत अडखळतं, त्यामुळे टेम्प्लेटमधून शेपटाचा तुकडा कापून काढून त्याची लांबी कॅपिलरीवर बघतात.

भीमथडी
ट्रायन्यूक्लिओटाइड रिपीटवाला इथे. हंटिंग्टनच्या जीनमधले सीएजी, म्हणजे तीन अक्षरांचा तोच तुकडा परत परत. १९९५ मध्ये रॉबर्ट वेल्स यांच्या गटाने ई. कोलायमध्येच दाखवलं की सीटीजी-सीएजी रिपीट टिकणार की गळणार हे प्लाज्मिडमध्ये ते कुठल्या दिशेने बसवलेत यावर ठरतं. लॅगिंग स्ट्रँडच्या (तुकड्यातुकड्याने बनणाऱ्या साखळीच्या) टेम्प्लेटवर सीटीजी आला की त्याची हेअरपिन पडते आणि पॉलिमरेज ती ओलांडून पुढे जातं. म्हणजे काही वेळा नुसता इन्सर्ट उलटा करून टाकला तरी फरक पडतो, स्ट्रेन तोच, तापमान तेच. फुकटचा उपाय आहे, लोक करत नाहीत.

ताकभात
हे माहीत नव्हतं. भारी.

सह्यकडा
चार कारणं म्हणालात काकू, रिपीट झालं, पॅलिन्ड्रोम झालं. बाकी दोन?

कोकमसार
तिसरं, इन्सर्ट पेशीला विषारी असणं. यात गंमत अशी की तुम्ही ते प्रोटीन बॅक्टेरियात बनवत नसता, मॅमेलियन प्रमोटर असतो, तरी त्रास होतो. कारण माणसाच्या किंवा व्हायरसच्या सीक्वेन्समध्ये योगायोगाने बॅक्टेरियाच्या प्रमोटरसारखा तुकडा असतो आणि ई. कोलाय तिथून वाचायला सुरुवात करतो.

सिस्टिक फायब्रोसिसचं उदाहरण मला कायम आवडतं. १९८९ मध्ये सीएफटीआर जीन सापडला, सगळं जग टपून बसलेलं, आणि पूर्ण सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) काही प्लाज्मिडमध्ये टिकेना. जिथे टिकला तिथे काहीतरी म्युटेशन नाहीतर तुकडा गायब. मग एक्झॉन ६ च्या भागात असा लपलेला बॅक्टेरियल प्रमोटर सापडला. १९९० मध्ये दोन गटांनी दोन वेगळे मार्ग काढले. एकाने कमी कॉपीचं प्लाज्मिड घेतलं आणि सीडीएनएच्या मध्ये एक कृत्रिम इंट्रॉन घुसवला, बॅक्टेरियाला इंट्रॉन काढता येत नाही त्यामुळे त्याचं भाषांतर तिथेच बोंबलतं, माणसाच्या पेशीत मात्र तो कापला जाऊन बरोबर प्रोटीन. दुसऱ्याने तीन बेस असे बदलले की प्रमोटर मेला पण अमिनो आम्ल एकही बदललं नाही. दुसरा मार्ग मला जास्त देखणा वाटतो, पण त्यासाठी प्रमोटर नेमका कुठे आहे ते माहीत असावं लागतं, इंट्रॉनला तेवढी अचूकता लागत नाही.

मेंदूतल्या सोडियम चॅनलचे सीडीएनए असेच बदनाम, त्यातही लपलेले बॅक्टेरियल प्रमोटरच निघाले, ते २०२१ मध्ये छापून आलं. आणि फ्लेविव्हायरस तर विचारूच नका, डेंगी, जपानी मेंदूज्वर, पीतज्वर सगळे. पीतज्वराचा पूर्ण सीडीएनए एका प्लाज्मिडमध्ये टिकवण्याच्या फंदात न पडता चार्ल्स राइस यांच्या गटाने १९८९ मध्ये दोन प्लाज्मिडमध्ये दोन भाग ठेवले आणि आरएनए बनवण्याच्या वेळी ट्यूबमध्येच जोडले. कोरोनाव्हायरसवाले बीएसीकडे (मोठे तुकडे पेलणारं प्लाज्मिड) गेले, पेशीत एक-दोनच कॉपी. २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या गटाने सार्स-कोव्ह-२ चा जीनोम यीस्टमध्ये जोडून काढला, बॅक्टेरियाला पूर्ण जीनोम हातच लावू दिला नाही.

इथे ओळखायची खूण प्लेटवरच असते. मोठ्या आणि बारीक अशा दोन जातीच्या कॉलन्या आल्या की सगळे मोठ्या उचलतात. विषारी इन्सर्ट असेल तर बरोबर क्लोन बहुतेक वेळा त्या टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनीत असतो, दुसऱ्या दिवशी दिसणारी. पण अँपिसिलिनच्या जुन्या प्लेटवर मोठ्या कॉलनीभोवती ज्या बारीक कॉलन्या येतात त्या सॅटेलाइट, त्यांच्यात प्लाज्मिडच नसतं, त्या नको. एकट्या, लांब असलेल्या बारीक कॉलन्या घ्यायच्या. कार्बेनिसिलिन वापरलं तर हा घोळ कमी, पण महाग पडतं.

सह्यकडा
बारीक कॉलनी उचलायची हे कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं, थँक्यू. चौथं?

ईकोलायवाली
चौथं मी सांगते, आत्ताच भोगतेय. तुकडा कमी होत नाही, उलट वाढतो. माझ्या एका मेम्ब्रेन प्रोटीनच्या क्लोनमध्ये बँड अपेक्षेपेक्षा पाऊण केबीने मोठा आला. सीक्वेन्स केलं तर मधोमध आयएस-१, ७६८ बेस, थेट ई. कोलायच्या क्रोमोझोममधून उडी मारून आलेला. प्रोटीन विषारी, त्यात आयएस घुसला की जीन बंद, ती पेशी सुखी आणि सगळीकडे तीच. सव्वा केबीने मोठा आला असता तर आयएस-५ किंवा आयएस-१० वर संशय घेतला असता. म्हणजे हे पण शेवटी तिसऱ्या कारणाचंच भावंडं, फक्त हत्यार वेगळं. यासाठी एमडीएस-४२ नावाचा स्ट्रेन आहे, ब्लॅटनर आणि पोस्फाय यांच्या गटाने २००६ मध्ये छापला, जीनोममधला सुमारे १५ टक्के भाग आणि सगळे आयएस काढून टाकलेले. आम्ही मागवलाय, बघू.

आणि लोकहो, बीएल२१ मध्ये प्लाज्मिड साठवू नका!! त्यात रेक-ए शाबूत असतं. एक्स्प्रेशनपुरतं ताजं ट्रान्सफॉर्म करा, वापरा, फेका.

बोरकूट
मलेरियावाला. प्लास्मोडियम फाल्सिपॅरमच्या जीनोममध्ये एटी ८० टक्क्यांच्या वर. मोठे तुकडे ई. कोलायमध्ये टिकत नाहीत, २००२ साली जीनोम पूर्ण झाला त्यात ही मोठी अडचण होती. एटी जास्त म्हणजे प्रमोटरसारखे तुकडे पावलोपावली, म्हणजे काकूंचं तिसरं कारण, आणि वर ए आणि टी च्या लांबलचक रांगा म्हणजे पहिलं. आम्ही एन१५ फाजवरून बनवलेला सरळ, म्हणजे गोल नसलेला व्हेक्टर वापरतो. गोल प्लाज्मिडला पीळ असतो, त्या पिळाने घड्या पडायला मदत होते, सरळ डीएनएला तो ताण नाही. शिवाय इन्सर्टच्या दोन्ही बाजूंना टर्मिनेटर, म्हणजे आतून सुरू झालेलं वाचन बाहेर ओरिजिनपर्यंत जात नाही.

पेट्रीताटली
अपडेट. (उशीर झाला, पीआयना म्हणजे लॅबप्रमुखांना डेटा द्यायचा होता.)

काकू म्हणाल्या तसा गाईडच्या बाहेरून पीसीआर केला. पूर्ण असेल तर ९०० च्या आसपास यायला हवा होता. जुन्या "झक्कास" मिनीप्रेपमध्ये ९०० चा आहे पण खाली साडेपाचशेचा पण आहे, बऱ्यापैकी ठळक. म्हणजे १० केबीचा तो एक बँड मुळातच मिश्र होता. साडेपाचशेचा बँड कापून सीक्वेन्सला दिला, त्यात एक यू६, गाईड २ आणि एक स्कॅफोल्ड. गाईड १ नाहीसा.

कोकमसार
सुंदर. यावरून किती कळतं बघा. तुमच्या नकाशात दोन रिपीट जोड्या आहेत, यू६-यू६ आणि स्कॅफोल्ड-स्कॅफोल्ड. दोन्हींत गळती झाली तरी जाणारा तुकडा सारख्याच लांबीचा, जेलवर फरक कळणार नाही. पण यू६ मध्ये घसरलं तर गाईड २ उरतो आणि स्कॅफोल्डमध्ये घसरलं तर गाईड १. तुमच्याकडे गाईड २ उरला, म्हणजे यू६ गुन्हेगार. अपेक्षितच, २४१ बेस विरुद्ध ऐंशीच्या आत-बाहेर. पीसीआरमध्येसुद्धा अशी उडी होऊ शकते म्हणून एकदा पीसीआर न करता, गाईडच्या दोन्ही बाजूंना कापणारी एन्झाइम लावून छोटा तुकडा जेलवर बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच मी ताकभातशी भांडतेय. समजा स्टेबल-३ मध्ये ३० डिग्रीला हे प्लाज्मिड अगदी स्वच्छ मिळालं. पुढे काय करणार? व्हायरस बनवणार. व्हायरस सेलमध्ये जाऊन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) चालणार, आणि ते एन्झाइम उड्या मारण्यात पॉलिमरेजचं बाप आहे. दोन सारखे यू६ दिसले की तिथेही मधला तुकडा गळणार, आणि ही गळती बॅक्टेरियाच्या स्ट्रेनने थांबत नाही. म्हणजे प्लाज्मिड शंभर टक्के बरोबर असूनही तुमच्या बऱ्याच सेल्समध्ये एकच गाईड जाणार आणि तुम्ही नॉकआउट का होत नाही म्हणून डोकं धरून बसणार.

तेव्हा दुसरा यू६ काढा. उंदराचा यू६ टाका, नाहीतर माणसाचाच एच१ किंवा ७एसके, सगळे पॉल-३ चे प्रमोटर आहेत, काम तेच करतात, सीक्वेन्स वेगळा. दुसऱ्या स्कॅफोल्डमध्येही बेसच्या जोड्या अदलाबदल केलेले प्रकार मिळतात, रचना तीच राहते. टॅलेनवाल्यांनी (क्रिस्परसारखंच जीन कापायचं दुसरं साधन) हेच केलं, १०२ बेसचे रिपीट कोडॉन बदलून वेगवेगळे लिहिले, प्रोटीन तसंच. एलटीआर मात्र बदलता येत नाहीत, व्हायरसला ते सारखेच लागतात, त्यांच्यासाठी स्टेबल-३ आणि ३० डिग्री. म्हणजे ताकभातही बरोबर आहे, अर्ध्यापुरता.

ताकभात
अर्धं चालेल. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचं लक्षात नव्हतं आलं कुणाच्या, आमच्याकडे दोन यू६ वाले व्हेक्टर सर्रास फिरतायत.

हौशी_वाचक
सगळं कळलं असं म्हणणार नाही पण मजा आली. एक शंका, ज्या प्लाज्मिडमध्ये असा काहीच अवघड भाग नाही ते कायमचं टिकतं का?

नर्मदेकाठी
साधी प्लाज्मिड वर्षानुवर्षं टिकतात काका, बहुतेक लोकांना हा प्रश्न आयुष्यात पडतही नाही. म्हणून तर पडतो तेव्हा कुणाला पटकन सुचत नाही.

पेट्रीताटली
उंदराचा यू६ ऑर्डर केला, स्टेबल-३ शेजारच्या लॅबकडून उसने मिळाले. शेवटचा प्रश्न, बरोबर क्लोन मिळाला की ग्लिसरॉल स्टॉक करून ठेवू आणि दरवेळी त्यातूनच कल्चर लावू ना? आणि किती वेळ वाढवू?

कोकमसार
ग्लिसरॉल स्टॉक करा, पण भिस्त त्यावर ठेवू नका. स्टॉक बनवताना कल्चर पूर्ण दाट झालेलं असतं, त्यात गळक्या पेशी आधीच शिरलेल्या असू शकतात, आणि स्टॉकमधून खरवडून थेट २०० मिलीत टाकलं की त्या सगळ्या वाढतात. बरोबर निघालेलं डीएनए स्वतः उणे २० ला ठेवा, मोठी प्रेप करायची तेव्हा त्यातून ताजं ट्रान्सफॉर्म करा, दोन-चार कॉलन्या छोट्या कल्चरमध्ये लावा, तपासा, जी नीट तिच्यातून मोठं. ३० डिग्रीला १६ ते १८ तास पुरे, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेकरवर विसरू नका. आणि मोठ्या प्रेपचं डीएनए व्हायरसला वापरण्याआधी परत कापून बघा. पूर्ण प्लाज्मिडचं नॅनोपोर करून घेतलंत तर उत्तम, पण त्यात नुसता शेवटचा जोडलेला सीक्वेन्स बघू नका, कच्च्या रीड्सच्या लांबीचा आलेख मागा, १० केबीच्या शेजारी ४ ला उंचवटा असेल तर तिथेच दिसेल.

रात्रपाळी
आलेखाबद्दल +१००. आमच्याकडे एका व्हेंडरने शेवटचा सीक्वेन्स "१०० टक्के जुळतो" म्हणून पाठवला होता, रीड्स उघडल्या तर तिसरा हिस्सा छोट्या प्लाज्मिडचा. जास्त रीड्स ज्याच्या, सीक्वेन्स त्याचा, बाकीच्यांचा रिपोर्टमध्ये उल्लेखच नव्हता.

पेट्रीताटली
कच्च्या रीड्स मागवते. काकू, स्टेबल-३ चा जादाचा वॉश म्हणजे किटमधली ती बाटली का जी आम्ही कधी उघडतच नाही?

कोकमसार
हो, तीच. उघडा.